हर की दून, एक मशीन आणि चार रात्रींची वीज

या प्रकरणातल्या ट्रेकरना ग्रुपमध्ये सगळे भाऊ म्हणतात. राहणार नाशिक, वय 54, बँकेत अधिकारी. सह्याद्रीत त्यांचं चालणं आमच्या निम्म्या पोरांपेक्षा चांगलं आहे. दोन वर्षांपूर्वी झोपेची तपासणी झाली तेव्हा तासाला सरासरी 38 वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो असं निघालं. हा आकडा 5 च्या आत असेल तर काळजी नसते, 30 च्या वर गेला की स्लीप अ‍ॅप्निया तीव्र समजतात. तेव्हापासून घरी रोज रात्री सीपॅप. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि झोपेत घशाचा मार्ग मिटू नये म्हणून हलक्या दाबाने आत सोडलेली हवा. त्यांचं मशीन दाब आपला आपण कमीजास्त करतं, बहुतेक रात्री तो 10 ते 11 सेंटिमीटर पाण्याइतका असतो. शिवाय बीपीची एक गोळी.

त्यांना ऑक्टोबरात आमच्याबरोबर उत्तराखंडातल्या हर की दूनला यायचं होतं. रस्ता असा: डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत सांक्रीला. सांक्री साधारण 1,950 मीटरवर, तिथपर्यंत वीज आहे. पुढे तालुका नावाचं गाव, तिथून सुपिन नदीच्या काठाने चालत पुआणी गराट (सुमारे 2,500 मीटर), मग कलकत्तीधार (सुमारे 3,000), आणि शेवटी हर की दूनचं मैदान, 3,566 मीटर. सांक्री सोडलं की मुक्काम तंबूत आणि वीज नाही. पायांचा प्रश्न नव्हताच, प्रश्न रात्रीचा होता.

मी ग्रुपची लीडर आहे, डॉक्टर नाही. म्हणून औषधाचे डोस इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ज्याच्या घरी असं मशीन आहे त्याने ते आपल्या डॉक्टरांना विचारावेत.

“चार रात्रींनी काय होतंय?”

भाऊंचा पहिला प्रस्ताव अगदी सोपा होता. “ताई, चार रात्रींचा प्रश्न आहे. मशीन सांक्रीच्या लॉजवर ठेवतो. आधी पन्नास वर्षं मशीनशिवायच झोपत होतो की.”

वरवर पाहता बरोबर. पण सीपॅप म्हणजे औषधाचा कोर्स नव्हे की साठलेला गुण काही दिवस पुरेल. मशीन बंद केलं की पहिल्या-दुसऱ्या रात्रीपासूनच श्वास पुन्हा अडकायला लागतो आणि थोड्याच दिवसांत दिवसाची झोप, जडपणा, लक्ष न लागणं परत येतं. सपाटीवर हे खपून जातं. तीन हजार मीटरवर मुळात हवेतला प्राणवायू कमी. शरीर दिवसा कसंबसं जुळवून घेत असताना रात्री तासाला पस्तीस-चाळीस वेळा श्वास अडवायचा, आणि सकाळी दरीच्या कडेकडेने, खेचरांना वाट देत उतरायचं.

मला जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची होती. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, थकवा, झोप नीट न लागणं ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं आहेत. विरळ हवेचा त्रास सुरू झाला तरी सकाळी हेच दिसतं. भाऊ मशीनशिवाय झोपून डोकं धरून तंबूतून बाहेर आले, तर मी काय समजायचं? रात्र वाईट गेली म्हणून चहा द्यायचा, की उंची लागते आहे म्हणून खाली न्यायचं? उंचीच्या त्रासाचं मोजमाप करणारी लेक लुईस ही गुणपद्धत 2018 साली सुधारली, तेव्हा तिच्यातून ‘झोप नीट न लागणे’ हा मुद्दाच काढून टाकला. डोंगरात झोप सगळ्यांचीच बिघडते आणि तिच्यावरून फारसं काही कळत नाही, असं त्यांना दिसलं. आता डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर एवढंच मोजतात, आणि डोकेदुखीसकट बेरीज तीन झाली की त्रास धरायचा. निरोगी माणसाला हे मोजमाप ठीक आहे. भाऊंच्या बाबतीत मशीन बंद असेल तर त्यातले दोन गुण रोज सकाळी तयारच असणार. म्हणून मशीन वर न्यायचं हे माझ्यापुरतं ठरलं. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनीही पहिलं वाक्य तेच सांगितलं.

डॉक्टरांनी एक दुसरा मार्गही तपासायला लावला होता. दातांवर बसवायचा एक साचा मिळतो, तो खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतो. वजन काही ग्रॅम, वीज शून्य. सौम्य किंवा मध्यम त्रासाला चांगला, तीव्र त्रासात मशीनइतका भरवशाचा नाही, पण नसण्यापेक्षा बरा. दंतवैद्यांनी भाऊंचं तोंड पाहून नाही म्हटलं. मागच्या बऱ्याच दाढा गेलेल्या, खाली कवळी, साचा धरणार कशाला? ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी ट्रेकच्या दोन-तीन महिने आधी याची चौकशी जरूर करावी, कारण साचा तयार करून जबड्याला सवय व्हायला वेळ लागतो.

विजेचा हिशोब

घरचं मशीन नेण्यात अर्थ नव्हता. हवा ओलसर करणारं गरम पाण्याचं भांडं आणि तापणारी नळी चालू असली की ते चांगलीच वीज खातं. भांडं काढून ठेवलं तरी मशीन आणि त्याचा अडॅप्टर मिळून सॅकमध्ये वीट घातल्यासारखं. भाऊंनी प्रवासी मशीन घेतलं, रेसमेडचं एअरमिनी. नुसतं मशीन 300 ग्रॅम. पाण्याचं भांडं नाही, त्याऐवजी मास्कजवळ एक लहानशी चकती बसते. उच्छ्वासातली ओल ती धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते.

अडचण पॉवर बँकेशी जोडताना येते. या मशीनला 24 व्होल्ट लागतात, नेहमीच्या टाइप-सी पॉवर बँका जास्तीत जास्त 20 देतात. मध्ये व्होल्टेज वाढवणारी केबल घालावी लागते आणि ती आपला वाटा खाते. भाऊंनी घरी मोजलं, त्यांच्या दाबाला मशीन सरासरी साडेसहा वॅट घेत होतं. साडेसात तासांची झोप धरली तर रात्रीला 49 वॅट-तास.

पॉवर बँकेवर छापलेला आकडा फसवा असतो हे इथे सांगायलाच हवं. 27,000 एमएएच म्हणजे 3.7 व्होल्टला 99.9 वॅट-तास. बहुतेक मोठ्या बँका नेमक्या इथेच थांबतात, कारण 100 च्या आतली बॅटरी विमानात हातातल्या सामानात खास परवानगीशिवाय नेता येते (चेक-इन सामानात बॅटरी चालत नाही). पण 3.7 चे 20 व्होल्ट करताना आणि 20 चे 24 करताना गळती होते. भाऊंच्या जोडणीत प्रत्यक्ष हातात 75 वॅट-तास येत होते. म्हणजे एक बँक दीड रात्र. विजेविना रात्री चार, गरज 196 वॅट-तासांची. तीन बँका घेतल्या तर 225. उरतात 29, आणि त्यातूनच थंडीची घट भागवायची. लिथियम बॅटरी गारठली की कमी देते, म्हणून तीनही बँका रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवायच्या असं ठरलं.

भाऊंनी हेही घरी तपासलं. पॉवर बँक फ्रिजमध्ये, केबल दाराच्या फटीतून बाहेर आणि मशीन स्वयंपाकघराच्या ओट्यावर. वहिनींचा मला फोन आला. “अगं, तुझे भाऊ फ्रिजला श्वास घ्यायला शिकवतायत.” घट फार नव्हती, पण होती.

मग प्रश्न आला की बँका वापरायच्या कशा क्रमाने. एक संपेपर्यंत वापरून दुसरी लावायची म्हटलं, तर दुसऱ्याच रात्री दोन-तीनच्या सुमाराला हवा बंद पडणार. म्हणून ठरलं की पहिल्या तीन रात्री रोज नवी भरलेली बँक, आणि प्रत्येकीत उरलेलं थोडं थोडं चौथ्या रात्रीला. चौथी रात्र खाली पुआणी गराटला असणार होती. तिथे झोपमोड झाली तरी चालेल, कलकत्तीधारला नको.

कुणीतरी सोलर पॅनेल सुचवलंच, नेहमी सुचवतात. ऑक्टोबरात त्या खोऱ्यात ऊन उशिरा उतरतं आणि लवकर जातं, वाट बरीचशी झाडीतून, आणि सॅकच्या पाठीवर लटकवलेल्या पॅनेलचं तोंड सूर्याकडे असलं तर असलं. एकाच जागी चार दिवस तळ टाकणाऱ्याला ते उपयोगी आहे. रोज चालणाऱ्याने त्याच वजनाची आणखी एक पॉवर बँक घ्यावी.

एवढं करून झोपेचं सामान अडीच किलोच्या थोडं वर गेलं. ते भाऊंच्या स्वतःच्या सॅकमध्ये. कपडे, ताट, स्लीपिंग बॅग खेचरावर. खेचर वाटेत खडकाला घासतं, सामान आपटतं, कधी ओढ्यात बसतं. मशीन आणि बॅटऱ्या त्याच्या पाठीवर देऊ नयेत.

रेल्वेचा मुद्दा आम्हाला उशिरा सुचला. नाशिक रोडहून दिल्लीपर्यंत रात्रीचा प्रवास, आणि आगीच्या भीतीने रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं धोरण रेल्वेने 2021 मध्ये घेतलं. म्हणजे नेमके झोपेचे तास. त्या रात्रीलाही एक बँक लागली. डेहराडूनच्या हॉटेलात मुक्काम ठेवून तीनही बँका पुन्हा पूर्ण भरल्या. सांक्रीच्या विजेवर ते काम सोडलं नाही, तिथे दाब कधी कमी, कधी गायब.

2,591 मीटर

मशीनच्या माहितीपत्रकात कमाल उंची दिलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. भाऊंच्या मशीनला ती 8,500 फूट, म्हणजे 2,591 मीटर आहे. हवा विरळ झाली की तोच दाब तयार करायला पंख्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. या मर्यादेपर्यंत मशीन ते सांभाळून घेतं असं कंपनी म्हणते. तिच्या वर मशीन बंद पडतं असं नाही, पण आकडा 11 दाखवला तर खरोखर 11 मिळतोय याची हमी उरत नाही. पुआणी गराट मर्यादेच्या आत, कलकत्तीधार बाहेर, हर की दून तर बरंच बाहेर.

त्याहून अवघड भाग शरीराचा आहे. श्वास दोन तऱ्हांनी थांबतो. भाऊंचा नेहमीचा प्रकार अडथळ्याचा: घसा सैल पडतो, छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, मग मोठा घोर काढून माणूस अर्धवट जागा होतो. दुसरा प्रकार मेंदूकडून येतो आणि उंचीवर तो धडधाकट माणसांनाही होतो. प्राणवायू कमी म्हणून माणूस झोपेत भराभर श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. आणि श्वास घ्यायची आठवण मेंदूला प्रामुख्याने त्या कार्बन डायऑक्साइडनेच होत असते. तो घटला की आठवणच येत नाही, श्वास थांबतो. पुन्हा तो साठतो, पुन्हा भराभर श्वास. रात्रभर हेच आवर्तन. यात घसा उघडाच असतो, त्यामुळे हवेच्या दाबाने तो उघडा ठेवणाऱ्या मशीनला इथे फारसं करण्यासारखं नसतं.

डॉक्टरांनी यावर झुरिकच्या संशोधकांचं काम सांगितलं, 2012 साली ‘जामा’ या नियतकालिकात आलेलं. स्लीप अ‍ॅप्नियाचे 51 रुग्ण आल्प्समध्ये 1,630 आणि 2,590 मीटरवर नेले. सगळ्यांना ऑटो सीपॅप होतं, शिवाय एका फेरीत अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी आणि दुसरीत तशीच दिसणारी रिकामी गोळी. नुसत्या मशीनपेक्षा मशीन आणि गोळी मिळून रात्रीचा प्राणवायू जास्त राहिला आणि श्वास थांबणं कमी झालं. ट्रेकर मंडळी अ‍ॅसिटाझोलामाइडला डायमॉक्स म्हणतात आणि बडीशेपेसारखी वाटतात. इथे ती मुद्दाम विचार करून दिली. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी नाही ना, हे विचारलं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध नाही ना, हेही पाहिलं, कारण दोन्ही मिळून पोटॅशियम उतरू शकतं. ट्रेकच्या आधी दोन दिवस घरी घेऊन बघायला लावली. बोटांना मुंग्या आल्या, सोडा कडवट लागला, लघवीला फेऱ्या वाढल्या. हे सगळं अपेक्षित. वर जाऊन पहिल्यांदा मुंग्या आल्या असत्या तर माणूस घाबरला असता.

मग आम्ही मुक्काम बदलले. हर की दूनच्या मैदानातच रात्र काढायची ही पोरांची इच्छा होती, स्वर्गारोहिणीच्या पायथ्याशी तारे वगैरे. ते काढून टाकलं. कलकत्तीधारला दोन रात्री आणि मधल्या दिवशी वर जाऊन परत. झोपायची उंची 3,000 च्या वर न्यायचीच नाही. उंचीवर धावपळ दिवसा केलेली चालते, झोपायचं खाली, हा नियम काही नवा नाही. आम्ही तो एका माणसासाठी सगळ्यांना लावला. दोघे नाराज झाले, एक आलाच नाही. त्याला माझी हरकत नाही. ज्याला तारे हवे होते त्याने वेगळा ग्रुप पाहावा.

साल्हेरची तालीम

सप्टेंबरात भाऊंना मशीनसकट साल्हेरवर नेलं. 1,567 मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, बागलाणात, आमच्या घरचा. वर गुहांमध्ये मुक्काम करता येतो. उंचीची परीक्षा तिथे होत नाही, पण बाकी सगळ्याची होते: ओल, धूळ, वाकडीतिकडी जमीन, अंधारात जोडणी.

दोन-तीन गोष्टी तिथेच कळल्या. तोंडाला लावलेलं सनस्क्रीन आणि घाम यामुळे मास्कची कड सरकत होती, हवा डोळ्यांत जात होती. झोपण्याआधी चेहरा पुसणं हे मग नियमात आलं. नाक कोरडं पडलं म्हणून त्यांनी व्हॅसलीन लावलं होतं. मास्कच्या सिलिकॉनला ते मानवत नाही, पाण्याच्या आधाराचं नाकाचं जेल घ्यावं. मशीन जमिनीवर ठेवलं तर ते गुहेतली धूळ ओढतं, म्हणून ते बुटांच्या जोडीवर उपड्या ताटावर ठेवायचं. नळी स्लीपिंग बॅगच्या आतून काढली तर हवा थोडी कोमट होऊन येते, ही युक्ती भाऊंची स्वतःची.

तंबूतल्या जोडीदाराचं सांगते. मास्कला उच्छ्वास बाहेर जायला बारीक भोकं असतात, त्यातून गार झोत शेजाऱ्याच्या मानेवर जातो. भाऊंचे जुने मित्र अण्णा स्वतःहून त्यांच्या तंबूत गेले. अण्णांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तो कान भाऊंकडे. पूर्वी भाऊंना ग्रुपमध्ये ‘डिझेल इंजिन’ म्हणायचे, रात्री त्यांच्या तंबूवर दगड पडायचे, गमतीत. स्लीप अ‍ॅप्नियाचे किती ट्रेकर त्या गमतीमुळे मशीन लपवत असतील, किंवा ट्रेकच सोडत असतील, कोण जाणे. सीपॅप लावल्यापासून ते घोरत नाहीत. मशीनचा आवाज मंद फुंकरीचा, नदीकाठी तर ऐकूही येत नाही.

वर

पुआणी गराटची रात्र विशेष लिहिण्यासारखी नाही. भाऊ झोपले, सकाळी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तासाला 4 असा आकडा होता. घरी 2-3 असतो. खोऱ्यात राजगिऱ्याची शेतं लाल झाली होती, सगळे फोटोंत गुंतले होते.

कलकत्तीधारच्या पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला अण्णांनी मला उठवलं. मशीन चालू, मास्क नीट बसलेला, घोरणं नाही. पण श्वास भराभर वाढत जातो, मग काहीच नाही. अण्णांनी आकडे मोजले होते, बारा-पंधरापर्यंत. मग पुन्हा सुरू. डॉक्टरांनी जे वर्णन केलं होतं तेच. भाऊ जागे झाले तेव्हा म्हणाले, “श्वास घ्यायचाच राहून गेला असं वाटलं.” बोटावर लावायच्या प्राणवायूच्या मीटरवर 84 टक्के, उठून बसल्यावर थोड्या वेळात 89. (बोट गार असेल तर हे मीटर काहीही दाखवतं. आधी बोट काखेत धरून गरम करून घ्यावं. आणि जाग आल्यावरचा आकडा झोपेतला नसतो हेही लक्षात असू द्यावं.)

इथे एक मोह असतो. मशीनची डॉक्टरांसाठीची सेटिंग्ज कशी उघडायची याचे व्हिडिओ सापडतात, आणि भाऊंच्या भाच्याने ते त्यांना शिकवून ठेवलं होतं. “ताई, दाब 13 करू का?” नको. अडथळा असता तर दाब वाढवून फायदा झाला असता. मेंदूकडून थांबणारा श्वास जास्त दाबाने उलट वाढूही शकतो. हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं आणि कागदावर लिहून दिलं होतं. मी तो कागद काढून वाचून दाखवला. तालुक्याच्या पुढे फोन लागेल असं धरून चालता येत नाही, त्यामुळे जे ठरवायचं ते खालीच ठरवून लिहून आणलेलं बरं. आम्ही एवढंच केलं: सॅक आडवी टाकून पाठीखाली उतार केला, डोकं-खांदे उंच घेतले, कुशीवर झोपवलं. पाठीवर आलेच तर अण्णा ढोसणार.

सकाळी अ‍ॅपवर 17. डोकं किंचित दुखत होतं, थकवा थोडा. लेक लुईसप्रमाणे एक आणि एक, दोन. कागदावरच्या अटी अशा होत्या: बसल्या जागी दिवसा प्राणवायू 85 च्या खाली, किंवा बेरीज तीन, किंवा न्याहारीनंतरही न जाणारी डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर वर जायचं नाही, थेट पुआणी गराट. चहा, पोहे, पाणी. तासाभराने डोकं उतरलं, मीटरवर 90. मशीन लावलेलं असल्याचा खरा उपयोग मला या सकाळी झाला. डोकेदुखी किरकोळ होती आणि गेली, एवढं मला निश्चित वाचता आलं.

भाऊ सावकाश चालत पावणेबाराला हर की दूनला पोचले. साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं ठरलेलं होतं, त्याआधी अर्धा तास त्यांनी नुसतं स्वर्गारोहिणीकडे बघत काढला. परत येताना गुडघ्यांची तक्रार, श्वासाची नाही.

दुसरी रात्र पहिल्यापेक्षा बरी, अ‍ॅपवर 12. संध्याकाळी कुणाच्या तरी सॅकमधून रम निघाली होती. भाऊंनी हात जोडले. दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, आणि ट्रेकवर ‘अर्धी घे, शांत झोप लागेल’ म्हणणारे परोपकारी पुष्कळ भेटतात. सर्दीच्या काही गोळ्याही सुस्ती आणतात, त्या घेताना विचारावं.

चौथी रात्र

घोळ झाला तो खाली आल्यावर. आम्ही हर की दूनला गेलो होतो त्या दिवशी एक मुलगा पाय मुरगळल्याने कॅम्पवरच थांबला होता. भाऊंच्या तंबूत दोन पॉवर बँका ‘वापरून झालेल्या’ दिसल्या, त्याने त्यावर स्वतःचा फोन, दुसऱ्याचा फोन आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या भरून घेतल्या. त्याच्या मते उरलेलंच घेतलं. भाऊंच्या हिशोबात ती चौथी रात्र होती. पुआणी गराटला संध्याकाळी जोडून पाहिलं तेव्हा तीनही मिळून चारेक तासांची वीज शिल्लक.

मुलाला मी जे बोलायचं ते बोलले. भाऊ फार शांत. “त्याला काय कल्पना, ताई. माझ्या बँकांवर नाव कुठे होतं?” आता आमच्याकडे अशा बॅटरीवर लाल चिकटपट्टी असते.

चार तास कोणते वापरायचे? सहज विचार केला तर झोपताना लावायचं आणि संपेल तेव्हा संपेल. डॉक्टरांचा कागद उलट सांगत होता: वीज कमी पडली तर पहाटेसाठी ठेवा. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वात ढिले पडतात आणि अडथळ्याचा स्लीप अ‍ॅप्निया बहुतेकांना तेव्हाच सर्वात जास्त छळतो. म्हणून भाऊ नऊला मशीनशिवाय कुशीवर झोपले. पाठीमागे अंगाला बांधलेली छोटी सॅक, म्हणजे उताणं होताच येऊ नये. एक वाजता गजर, मास्क, पाचला वीज संपली तेव्हा तसेच उठून बसले. अण्णा म्हणाले, एकपर्यंत डिझेल इंजिन होतं, बऱ्या कानालाही ऐकू आलं. भाऊ दिवसभर जड होते आणि तालुक्याहून सांक्रीच्या गाडीत बसल्या बसल्या झोपले. सांक्रीच्या लॉजवर प्लग मिळाल्यावर त्यांनी जेवणाआधीच मास्क लावला.

परतल्यावर मशीनची नोंद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांच्या मते गोळीशिवाय कलकत्तीधारच्या रात्री आणखी वाईट गेल्या असत्या, आणि वर हर की दूनला तंबू टाकला नाही हे बरं झालं. भाऊंच्या मनात आता सिक्कीमचं गोएचा ला आहे. तिथे मुक्काम चार हजाराच्या आसपास जातात. डॉक्टरांनी एक अट घातली आहे: आधी दहा किलो वजन उतरवा आणि झोपेची तपासणी पुन्हा करा. 38 चा आकडा कितीवर येतो ते पाहून बोलू. मी त्या ट्रेकच्या यादीत त्यांचं नाव अजून लिहिलेलं नाही. ते सध्या रोज पहाटे पांडवलेणी चढतात आणि अण्णांनाही ओढून नेतात.